जिवंत माणसापुढे वाकत नाहीत

ओसाका, इकुनो
१२ मार्च १९९६

ते-इल,

फोनवर तू थोरल्या बहिणीला "हो नुना, हो नुना" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

परवा आबोजींचा चेसा झाला. विसरला असशील तर सांगते. मेलेल्या बापाला वर्षातून एकदा घरी जेवायला बोलवायचं, फोटोपुढे ताट मांडायचं आणि मुलाने पेला भरून द्यायचा. मुलाने. राबते मी, पण पेला माझ्या हातचा चालत नाही, कारण मी पडले मुलगी. आणि मुलगा तोक्योत सिनेमे काढतोय. त्यामुळे याही वर्षी पेला काकांच्या चांग-होने भरला. जांभया देत भरला. त्याला पहाटे ट्रक घेऊन नागोयाला जायचं होतं.

ओमोनी दुपारपासून दारात बसली होती. गुडघे कामातून गेलेत, जमिनीवरून उठायचं तर कुणाचा तरी हात लागतो, तरी आत येईना. म्हणे, "गाडीला उशीर झाला असेल." तोक्योच्या गाडीला कधी उशीर झालाय? शेवटी को सामचुन म्हणाले, "बोकसुनच्या आई, आत या. सूप निवलं. तुमचे मालक निवलेलं सूप भिंतीवर फेकायचे." तेव्हा उठली. हो, गल्लीचे काका को सामचुन अजून आहेत. दात गेले, जीभ शाबूत आहे. गल्लीत त्यांच्याएवढं म्हातारं आता कुणी उरलं नाही, म्हणून सगळ्यांच्या चेसाला तेच पुढे बसतात.

आबोजी गेल्यापासून तू एकाही चेसाला आला नाहीस. त्यांना पोचवायला आलास तेही पाहुण्यासारखा. आलास, वाकलास, गेलास. शूटिंग. मला कळतं शूटिंग असतं. पण तुझे सिनेमे गुंडांचे. त्या गुंडांनी एक दिवस एकमेकांना मारलं नाही तर काय बिघडतं, ते मला कळत नाही.

ओमोनी बाकी काही मागत नाही. डोळे मिटायच्या आधी तुझ्या हातून आबोजींना पेला मिळालेला बघायचाय, एवढंच. आणि तेही तुला सांगू नकोस म्हणते. मी सांगितलं.

बोकसुन


तोक्यो
३ एप्रिल १९९६

नुना,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, त्यावर मी काही बोलत नाही. उत्तराला उशीर झाला कारण एक गोष्ट पक्की व्हायची होती आणि पक्की होण्याआधी तोंडातून काढायची नव्हती.

मला सिनेमा मिळाला. थिएटरात लागणारा. व्हिडिओच्या दुकानात मागच्या फळीवर पडून राहतो तसला नाही. घरातून निघालो तेव्हापासून मी आधी दिवे उचलले, मग दुसऱ्यांच्या सेटवर "शांतता" म्हणून ओरडलो, मग हे गुंड. कंपनीला वर्षातून इतके गुंड लागायचे की कुणाला कुठल्या सिनेमात मारलं ते मलाच आठवत नाही. ही गोष्ट मात्र माझी आहे. चपलांना सोल चिकटवणारं एक कुटुंब. बाप दारू पितो, गातो, मरतो. मुलगा घर सोडून गेलेला असतो, तो बापाच्या चेसाला परत येतो. तिथे सिनेमा संपतो. बापाचं काम असाकुरा-सान करणार आहेत. हो, तेच, नूडल्सच्या जाहिरातीतले.

तो शेवटचा प्रसंग मला स्टुडिओत करायचा नाही. आपल्या घरात करायचाय, मधल्या खोलीत. ताट तू मांडावंस. गल्लीतली माणसं बसावीत, को सामचुन, ओमोनी, सगळी.

एक अडचण आहे. इथे मला सगळे कुरोयामा म्हणून ओळखतात, आणि कुरोयामा जपानी आहे, आपल्यासारखा कोरियन नाही. लहानपणी त्या भागात राहायचो एवढंच मी सांगितलंय. तेव्हा त्या दिवशी तू मला कुरोयामा-सान म्हण. ओमोनीलाही नीट समजावून सांग. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

ते-इल


इकुनो
८ एप्रिल १९९६

ते-इल,

तुझं पत्र लोणच्याच्या दुकानात वाचलं, किमचीच्या हातांनी. लाल झालंय. होऊ दे.

मला समजलं ते बरोबर आहे का बघ. खऱ्या बापाच्या चेसाला तुला सवड नाही. खोट्या बापाच्या चेसाला तू ट्रक भरून माणसं आणणार. जेवण मी रांधणार. आणि जन्म दिलेली आई तिच्याच घरात कोपऱ्यात बसून तुला कुरोयामा-सान म्हणणार, म्हणजे तुझ्या माणसांना वाटेल एक म्हातारी शेजारीण आहे.

नाही. माझ्या स्वयंपाकघरात हे होणार नाही.

कुरोयामा नाव आबोजींनी शाळेसाठी घेतलं होतं, पोरं दगड मारायची म्हणून. ते रेनकोटासारखं होतं. बाहेर जाताना घालायचं, घरात आलं की खुंटीला. तू ते घालूनच झोपतोस. आता आईच्या घरातही काढणार नाहीस. तुला उकडत कसं नाही?

घर पाहिजे तर सरळ आहे. येत्या मार्चला ये, आबोजींना पेला भर, मग घर घे, छप्पर घे, मला घे. त्याआधी नाही.

बोकसुन


तोक्यो
२५ एप्रिल १९९६

नुना,

मार्चपर्यंत कंपनी थांबणार नाही. असाकुरा-सान सप्टेंबरातच मोकळे आहेत.

उकडतं का विचारलंस. उकडतं. पण काढायचा कधी? पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे एकदा जेवताना एका लाइटवाल्याने आपल्या लोकांवरून एक विनोद केला. सगळे हसले. मीही हसलो. एकदा हसल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी काय सांगणार? तो लाइटवाला अजून माझ्याबरोबर काम करतो. चांगला माणूस आहे.

आता निर्माता चार ठिकाणी सांगत फिरतोय की ही एका जपानी माणसाने बाहेरून पाहिलेली गोष्ट आहे, म्हणून हिच्यात रडारड नाही आणि तक्रार नाही. त्यावर लोकांनी सिनेमाला पैसे दिलेत. मी तोंड उघडलं तर ते म्हणतील, इतकी वर्षं खोटं बोलत होतास. त्यात त्यांचं काय चुकेल?

आणि हे ओमोनीला वाचून दाखवू नकोस. मी चेसाला येत नाही ते शूटिंगमुळे नाही. शूटिंग एक दिवस पुढे ढकलता येतं. त्या फोटोपुढे बसून "मी आलोय" म्हणायचं, तर कोण आलंय म्हणून सांगू, ते मला सुचत नाही.

तू ओमोनीला विचार. ती नको म्हणाली तर स्टुडिओत भिंती उभ्या करीन. पुन्हा मागणार नाही.

ते-इल


इकुनो
२० मे १९९६

ते-इल,

विचारलं. सगळं वाचून दाखवलं, वाचू नकोस म्हणालास तेसुद्धा. विनोदाचं तेवढं गाळलं.

ती लसूण सोलत होती. म्हणाली, "येतोय ना? मग येऊ दे."

मी म्हटलं, "ऐकलंस ना काय म्हणतोय? त्या दिवशी तू त्याची आई नाहीस."

"कुरोयामा-सान म्हणायला माझी जीभ वळणार नाही. मी त्याला हाकच मारणार नाही. मुकी म्हातारी आहे म्हणतील."

"आणि तो तुला म्हणाला, आजीबाई, इथे बसा, तर?"

"तर बसेन. नाहीतरी बसायचंच आहे."

मी रागाने लसणाची टोपली उचलून आत नेली. ती मागून म्हणते, "टोपली इकडे दे, अजून झालं नाही."

तर मी हरले. ताट मांडीन. पण ऐकून ठेव. मासा खरा असेल आणि मी भाजलेला असेल. ताटात स्पंज केक असेल. तुझ्या माणसांना ते विचित्र वाटलं तर वाटू दे, आपण मूळ कोरियातल्या बेटावरचे, बेटावरच्या माणसाला मेल्यावरही केक लागतो. स्वयंपाकघरात कुणी बूट घालून आलं तर पातेलं फेकून मारीन. आणि मी तुला ना ते-इल म्हणणार, ना कुरोयामा-सान. साहेब म्हणेन. तुला लाज वाटली तर तेवढंच माझं समाधान.

को सामचुनांना सांगून आले. त्यांनी विचारलं, "चेसा कुणाचा?" मी म्हटलं, सिनेमातल्या माणसाचा. थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं. दारू खरी असेल ना?"

बोकसुन


इकुनो
१२ सप्टेंबर १९९६

साहेब,

तुझा ट्रक गल्लीतून गेला आणि तू माझ्याकडे न बघता गेलास. म्हणून स्वयंपाकघरातून मला जे दिसलं ते तुला कळवते.

सकाळी तू ओमोनीपुढे वाकलास आणि म्हणालास, "आजी, आज तुम्हाला त्रास देतोय." ती तुझ्या बाहीकडे बघत होती. बाहीचं बटण तुटलं होतं. एरवी तिने तिथेच सुई काढली असती. हात मांडीखाली घेऊन बसली.

मग तुझ्या एका माणसाने मधल्या खोलीचं दार लावून घेतलं, तेलाचा आवाज येतो म्हणून. मी माशापाशी. आधी को सामचुनांचा आवाज चढलेला ऐकला. मग कुणीतरी धावत बाहेर गेलं. मग बराच वेळ काही नाही. इतकं काही नाही की मी गॅस बंद केला. दार उघडलं तेव्हा माणसं एकेक करून बाहेर आली. तू नळावर तोंड धुतलंस. पुन्हा आत गेलास, काम उरकलंस आणि गाडीत बसलास.

संध्याकाळी बघते तर भिंतीवर नुसता खिळा. आबोजींचा फोटो नाही.

ओमोनी तेव्हापासून पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलीय. जेवायला उठत नाही. फोटो कुठे गेला विचारलं तर हात हलवते, माशी हाकलावी तसा. को सामचुन पितात, झोपतात, उठून म्हणतात "मोठा दिवस झाला" आणि पुन्हा पितात.

तू घेऊन गेलास ना? खोट्या बापाला शोभा यावी म्हणून खऱ्याला भाड्याने नेलास. ती बिचारी तुझी आई नव्हती, ती अडवणार कशी? फोटो परत पाठव. मुलगा नाही तर नाही, नवऱ्याचा फोटो तरी राहू दे तिच्याजवळ.

बोकसुन


तोक्यो
१६ सप्टेंबर १९९६

नुना,

फोटो माझ्याकडे आहे. चोरलेला नाही. पहिल्यापासून सांगतो.

तू ताट मांडून गेलीस. मग आमच्या एका मुलीने असाकुरा-सानांचा मोठा फोटो काळ्या चौकटीत आणून ताटामागे ठेवला. सिनेमातला बाप तेच ना. तिला काही वाटलं नाही आणि सांगायला लाज वाटते, मलाही काही वाटलं नाही. सेटवर मेलेली माणसं जेवायच्या सुट्टीत उठून डबे खाताना मी इतकी बघितलीत. कॅमेरा लावला आणि म्हटलं, चला, सगळ्यांनी वाकायचं.

को सामचुन तसेच बसून राहिले. म्हणाले, "साहेब, हा माणूस वारला?"

"सिनेमात वारला."

"काल रात्री टीव्हीवर नूडल्स खात होता."

"आजोबा, हे सगळं खोटं खोटं आहे."

"मासा खरा आहे. दारू खरी आहे, मी वास घेतला. मी खरा आहे. मग खोटं काय उरलं? जिवंत माणसापुढे वाकत नाहीत. वाकलं तर तो वर्ष काढत नाही. उद्या याची बायको माझ्या दारात आली तर मी तिला काय सांगू?"

मागच्या सगळ्या म्हाताऱ्या माना हलवायला लागल्या. असाकुरा-सान दारात उभे होते. त्यांनी कुणाला तरी विचारलं, आजोबा काय म्हणतायत. त्याने सांगितलं. इतका मोठा नट, पण चेहरा असा उतरला की तसा मला सिनेमात मिळाला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "कुरोयामा, माझा फोटो उचला."

"अहो, ही यांची एक समजूत आहे."

"असेल. माझी धाकटी अजून शाळेत जात नाही. आधी उचला."

मी माझ्या मदतनिसाला पिटाळलं, कुठूनही कुणाही मेलेल्या माणसाचा फोटो आण म्हणून. त्यावर को सामचुन म्हणाले, "कुणालाही बोलावलंत तर कुणीही येईल. त्याला मग घालवणार कोण? तुम्ही तर संध्याकाळी निघालात."

तेव्हा ओमोनी उठली. कुणाचा हात न धरता, खांबाला धरून. भिंतीवरून आबोजींचा फोटो काढला, एप्रनने पुसला, ताटामागे ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. एक शब्द बोलली नाही. तसं ठरलंच होतं.

को सामचुन म्हणाले, "आता ठीक आहे. याला मी ओळखतो."

मुलाचं काम करणारा नट गुणी आहे, पण घाबरला होता. पेला उलटा फिरवत होता. पुन्हा तेच. मी म्हटलं, थांब, असं करायचं. आणि दाखवायला गेलो. नुना, खरंच दाखवायलाच गेलो होतो. गुडघ्यांवर बसलो, पेला दोन्ही हातांत घेतला, उदबत्तीच्या धुरावरून फिरवला, ठेवला आणि वर बघितलं. कारखान्याच्या सहलीतला तो फोटो. एक डोळा बारीक, काहीतरी वात्रट बोलायच्या बेतात. मी वाकलो. दुसऱ्यांदा वाकलो ते मला उठता येईना. कपाळ चटईवर होतं आणि तोंडातून आपल्या भाषेत निघून गेलं, "आबोजी, उशीर झाला." घर सोडल्यापासून मी ती भाषा मोठ्याने बोललो नव्हतो.

मागून को सामचुन हळूच म्हणाले, "ते-इल, पुरे. दोनदाच वाकायचं असतं. ऊठ."

सगळ्यांनी ऐकलं. उठून वळलो तर सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. तो लाइटवाला टोपी काढून उभा होता. मी म्हटलं, "हे माझे वडील. ही माझी आई." दुसरं काही सुचलं नाही.  असाकुरा-सान ओमोनीपुढे गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. मग मी बाहेर येऊन तोंड धुतलं, आत गेलो, म्हटलं, चला. त्या पोराने पहिल्याच फटक्यात बरोबर केलं.

निघताना ओमोनीने फोटो पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "यांनी तोक्यो बघितलेलं नाही," एवढंच म्हणाली. तुझ्याशी न बोलता गेलो, कारण तू साहेब म्हणाली असतीस आणि त्या क्षणी ते मला झेपलं नसतं.

फोटो माझ्या टेबलावर आहे. नीट बांधून कुरिअरने पाठवतो.

ते-इल


इकुनो
२१ सप्टेंबर १९९६

ते-इल,

अजिबात पाठवू नकोस. का ते पुढे सांगते.

तुझं पत्र घेऊन मी तिच्या अंथरुणाशी गेले आणि म्हटलं, "सगळं कळलं मला. आता इकडे तोंड कर. इतके दिवस भिंतीकडे बघून काय रडत होतीस?"

ती म्हणाली, "रडतंय कोण? झोपले होते."

"इतके दिवस?"

"हे गेल्यापासून नीट झोपच लागली नव्हती. आता लागली तर तू येऊन येऊन उठवतेस. फोटो कुठे, फोटो कुठे. भूक लागली, मासा उरलाय का?"

मासा गल्लीने त्याच दिवशी संपवला होता. मी दुसरा भाजला. सगळा खाल्ला, डोळ्यांसकट. मी समोर बसून बघत होते. आणि ते-इल, माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. दुकानातला मोठा माठ एकटीने उचलून ठेवते ना, तेव्हा होतं तसं.

मग फोटोचं विचारलं. "तोक्यो दाखवायला दिलास म्हणे?" ती काटे काढत म्हणाली, "मार्चमध्ये चेसा आहे. चेसाला फोटो लागतो. फोटो त्याच्याकडे आहे." आणि माझ्याकडे बघायला लागली, मला कळायला किती वेळ लागतो ते बघत.

ही बाई मुक्याने तुझ्या सिनेमात बसली होती आणि कट रचत होती. म्हणून सांगते, कुरिअर वगैरे करशील तर मी पार्सल घेणार नाही.

गल्लीत वेगळाच वाद पेटलाय. दिवस आबोजींचा नव्हता, मग चेसा लागू पडला का? चांग-हो म्हणतो पडला, पडलाच पाहिजे, मुलाने पेला दिला, मी सुटलो. त्याची बायको म्हणते, चुकीच्या दिवशी बोलावलं तर आत्मा येतच नाही. को सामचुनांनी दोन्हीकडची दारू पिऊन निकाल राखून ठेवला. शेवटी ओमोनीच म्हणाली, "हे जिवंत होते तेव्हा कधी ठरल्या दिवशी घरी आले? यायचे तेव्हा यायचे. आले, जेवले, गेले." 

त्या लाइटवाल्याचं मला अजून पटत नाही. पण टोपी काढली म्हणालास, तर असू दे.

बोकसुन


तोक्यो
१८ फेब्रुवारी १९९७

नुना,

सिनेमा पुरा झाला.

निर्माता त्या दिवसानंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग कचेरीत बोलावून म्हणाला, "मी सगळीकडे सांगितलं की हे बाहेरून बघितलंय." मी म्हटलं, "बाहेरूनच बघत होतो. दारातून." तो हसला नाही. पैसे देणाऱ्यांतला एक मोठा माणूस निघून गेला, त्यामुळे थिएटरं कमी मिळतील, पुढच्या कामाचंही कुणी विचारलेलं नाही. घाबरेन असं वाटलं होतं. पण मी घरी येऊन कपडेही न बदलता झोपलो, ओमोनीसारखा. आबोजी टेबलावरून बघत होते.

पडद्यावर नाव ह्यॉन ते-इल असं जाईल. कुरोयामा नाही, कंसातही नाही.

आणखी एक. मी पेला भरला तेव्हा कॅमेरामनने कॅमेरा बंदच केला नव्हता. ते सगळं फिल्मवर आलं. संकलक म्हणाला हेच ठेवू, याच्यापुढे त्या पोराचं फिकं आहे. मी दोन दिवस ते लावून लावून बघितलं आणि मग काढून टाकलं. पोराचंच ठेवलं. माझं ते आबोजींचं जेवण होतं. चुकलं असेल तर सांग, अजून बदलता येईल.

मार्चला येतो. फोटो मांडीवर घेऊन येईन, वर सामानात ठेवणार नाही. तुला काय आणू?

ते-इल


इकुनो
६ मे १९९७

ते-इल,

चेसाला आलास तेव्हा नीट बोलायला झालंच नाही, घर माणसांनी भरलेलं. पेला भरताना सांडलास, ते तुझ्यासमोर बोलले नाही, आता बोलते. पुढच्या वर्षी जरा कमी ओत. चांग-हो तुझ्या आनंदात इतका प्याला की त्याला खांद्यावर घालून न्यावं लागलं. त्याची बायको तुला विचारत होती, तोक्योचा माणूस तिच्या नवऱ्याचं नुकसान भरून देतो का म्हणून.

ते तुझं काढून टाकलंस ते बरोबर केलंस. पोरगा छान करतो. काढायच्या आधी मला विचारलं असतंस तरी हेच सांगितलं असतं.

आता सिनेमा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो, दुकान बंद ठेवून. ओमोनी अर्धा वेळ झोपली. मधे उठून म्हणाली, "हा नूडल्सवाला यांच्यापेक्षा फार देखणा आहे." मग शेवटी चेसा आला आणि पडद्यावर ती स्वतः दिसली, तिसऱ्या रांगेत. अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही कोण म्हातारी?" मी म्हटलं, तू. "मी इतकी म्हातारी आहे? मग तुम्ही मला उचलत का नाही?" को सामचुनांना मात्र स्वतःचं काम फार आवडलं. आता गल्लीत नटासारखे चालतात, पोरांना सांगतात की दिग्दर्शकाला त्यांनीच सांभाळून घेतलं.

त्या गडबडीत मला नीट बघताच आलं नाही. म्हणून परवा दुपारी मी एकटीच परत गेले. कुणाला सांगितलं नाही, बाजाराला जाते म्हटलं. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. आपली माणसं थोडी, बाकी सगळे जपानी, कचेरीतले, कॉलेजातले. माझ्या पुढे कोट घातलेला एक माणूस होता. सिनेमा संपला, काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली आणि हा बाबा उठून उभा राहिला, कोट झटकतोय, टोपी शोधतोय. त्याचं डोकं नेमकं मधे. मला काही दिसेना.

मी मागून त्याच्या कोटाला धरलं आणि ओढलं. म्हटलं, "खाली बसा. माझ्या भावाचं नाव येतंय."

त्याने वळून बघितलं. मला वाटलं भांडणार, मीही तयार होते. पण तो बसला. त्याच्या शेजारी उठलेले होते तेही बसले. तिकडे दारापर्यंत पोचलेली दोन कॉलेजातली पोरं होती, ती तिथेच थांबली. सगळ्यांनी मिळून तुझं नाव वाचलं.

बोकसुन